पाकीट दिलं, फोटो काढला आणि ती यायची थांबली

या वेळचं पत्र मिरजेहून आलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, बाकी प्रश्न ताईंच्याच शब्दांत देते.

"जय ख्रिस्त. मी आमच्या चर्चच्या महिला मंडळाची खजिनदार आहे. आमच्याच मंडळीतला एक मुलगा लग्नानंतर बायकोला घेऊन नंदुरबारकडं सुवार्तेच्या कामाला गेला. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. तिकडं दोघांनी पाड्यांवर काम केलं, मुलांचं वसतिगृह चालवलं. ती मिरजेतच नर्सिंग शिकलेली, त्यामुळं औषधपाणी, बाळंतिणींची देखभाल तीच बघायची. मागच्या पावसाळ्यात त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निघालं. आता ते इथं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाठवणाऱ्या संस्थेनं मानधन निम्म्यावर आणलंय. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत.

कापणीच्या सणाला आम्ही त्यांच्यासाठी खास अर्पण घेतलं. ४२ हजार जमले. उपासनेत दोघांना पुढं बोलावलं, पाळकसाहेबांच्या हस्ते पाकीट दिलं, त्यांनी साक्ष दिली, म्हणजे देवानं कसं सांभाळलं ते सांगितलं, फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे डोळे भरून आले होते. पण त्यानंतर ती गुरुवारच्या प्रार्थनेला यायची थांबली. मी घरी गेले तर म्हणाली, 'ताई, भागतंय आमचं, आता नको.' किराणा दुकानदार मात्र आमच्याच ओळखीचा, त्याच्याकडं दोन महिन्यांची उधारी थकलीय. नाताळात मुलीच्या अंगावर नवा ड्रेस दिसला, तर आमच्यातल्या काही जणी बोलल्या. पंच कमिटीतले एक वडील म्हणतात, 'देवानं पाठवलं तर देव पुरवील, मंडळीनं कुठवर पुरवायचं?' आमचं काय चुकलं? आणि आता करायचं काय? आमच्या एका भगिनीचा भाऊ दुबईत आहे, आणि नंदुरबारला येऊन गेलेल्या एक ऑस्ट्रेलियन बाई पैसे पाठवते म्हणतात. ते चर्चच्या खात्यात घेतले तर चालतील का?"

ताई, जय ख्रिस्त.

तुमच्या मंडळीची नियत चांगली आहे, याबद्दल मला शंका नाही. एका सणाला ४२ हजार जमणं सोपं नसतं. त्यात कुणाच्या पेन्शनचे, कुणाच्या शिवणकामाचे पैसे असणार. पण तुम्ही त्यांच्याकडं गरजू कुटुंब म्हणून पाहिलंत, आणि ते तर तुमचे कामकरी आहेत. तुमच्याच मंडळीतून ते गेले. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली असणार, त्यांची पत्रं उपासनेत वाचली गेली असणार, पाड्यांवरच्या कामाबद्दल मंडळीनं देवाचे आभार मानले असणार. आपण सगळे जाऊ शकत नाही म्हणून त्यांना पाठवलं. असा माणूस कामावर असताना आजारी पडला तर त्याच्या घरची चूल चालू ठेवणं ही पाठवणाऱ्यांची जबाबदारी आहे. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे प्रभूचं वाक्य आपण सुवार्तिकांबद्दल नेहमी वाचतो. आजारपणात ते रद्द होत नाही.

आता त्या रविवारी काय झालं ते तिच्या बाजूनं बघा. नवरा डायलिसिसनं थकलेला, हाताला पट्टी. त्याला दोनशे लोकांसमोर उभं केलं. दोघांनी आभार मानायचे, साक्ष द्यायची, आणि ती आनंदाचीच असली पाहिजे, कारण हातात पाकीट आहे. त्या पाकिटात कुणी शंभर घातलेत आणि कुणी पाच हजार, हे तिला माहीत नाही. म्हणून त्या दिवसापासून चर्चमध्ये भेटणारं प्रत्येक माणूस तिच्यासाठी देणारं राहिलं नाही, सावकार झालं. फोटो ग्रुपवर गेला, म्हणजे तिच्या माहेरी गेला, सासरी गेला, मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणींच्या आयांकडे गेला. नववीतली पोरगी आहे, ताई. त्या वयात आईबापांचा असा फोटो गावभर फिरणं काय असतं, याचा विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

मी पाळकाच्या घरात वाढले, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान मिशन कंपाउंडात. नाताळच्या आधी शहरातल्या एका मंडळीकडून आमच्याकडं जुन्या कपड्यांची पेटी यायची. कपडे चांगले असायचे, आई जपून वापरायची. एका वर्षी त्यातला निळा फ्रॉक घालून मी एका मेळाव्याला गेले, आणि तिथल्या एका मुलीनं सगळ्यांसमोर सांगितलं की हा माझा होता, याच्या खिशाला शाईचा डाग आहे बघा. डाग होता. आईनं घरी आल्यावर काही न बोलता तो फ्रॉक उसवला आणि त्याची उशीची खोळ केली. ती पेटी पाठवणारी माणसं प्रेमळ होती, त्यांच्याबद्दल आईच्या तोंडून मी कधी वावगं ऐकलं नाही. पण पुढच्या वर्षी पेटी आली तेव्हा तिनं ती आमच्यासमोर उघडली नाही. म्हणून तुमच्या पत्रातलं "आता नको" हे वाक्य वाचून मला तिचा राग नाही, तिची दमणूक ऐकू आली.

नको म्हणण्याचा तिला हक्क आहे, हेही मान्य करा. प्रेषित पौल करिंथ शहरात होता तेव्हा तिथल्या मंडळीकडून त्यानं काही घेतलं नाही. तंबू शिवले, आणि कमी पडलं ते मासेदोनियाहून आलेल्या भावांनी भागवलं. फिलिप्पैच्या मंडळीनं पाठवलेलं मात्र त्यानं आनंदानं घेतलं, एकदा नव्हे, अनेकदा. माणूस तोच, गरज तीच. फरक होता तो दोन मंडळ्यांशी असलेल्या त्याच्या नात्यात. करिंथात त्याच्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागितला जात होता, त्याच्या अधिकारावर शंका घेतली जात होती. फिलिप्पैमध्ये ते नव्हतं. तुमची मंडळी तिच्यासाठी सध्या करिंथ झाली आहे. मंडळीला फिलिप्पै व्हायचं असेल तर सुरुवात पैशानं होणार नाही.

आधी तो फोटो काढून टाका. ज्यांनी टाकला त्यांनीच काढावा, आणि इतरांनीही आपापल्या फोनमधून काढावा अशी विनंती पाळकसाहेबांनी करावी, कारण न सांगता, दोन ओळींत. मग तिच्याकडं एकट्या जा. शिष्टमंडळ नको, प्रार्थनेची वही नको, फळांची पिशवी नको. बसल्यावर सरळ म्हणा, "त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं ते बरोबर नव्हतं." एवढंच. त्याला "पण आमचा हेतू" हे शेपूट लावू नका. ती रडेल, गप्प बसेल किंवा तुमच्यावर चिडेल. चिडली तर ऐकून घ्या. सोळा वर्षं हसतमुखानं पत्रं लिहिणाऱ्या बाईला चिडायला एक तरी जागा हवी, आणि ती तुमच्याजवळ मिळाली तर तो तुमच्यावरचा विश्वास आहे. त्याच भेटीत पैशांचा विषय काढू नका. गुरुवारी का येत नाही हेही विचारू नका.

पैशांचं दुसऱ्या भेटीत, आणि तेव्हा हातात काहीतरी ठरलेलं असू द्या. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्यानं सगळा भार मागणाऱ्यावर पडतो. दर वेळी तिनं तोंड उघडायचं, दर वेळी तुम्ही ठरवायचं की हे खरंच लागतं का. त्यापेक्षा महिन्याची एक रक्कम ठरवा. तुमच्या मंडळीत साठ घरं धरली आणि प्रत्येकी महिना दोनशे रुपये आले तर १२ हजार होतात. दोनशे जड जाणाऱ्या घरानं पन्नास द्यावेत, ज्याला झेपतं त्यानं हजार. दर महिन्याच्या ५ तारखेला ते तिच्या बँक खात्यात जमा व्हावेत, पगार होतो तसे. कुणी नेऊन द्यायचे नाहीत, पावतीवर सही घ्यायला जायचं नाही, बँकेची नोंद पुरेशी आहे. वर्षभरासाठी बांधून घ्या आणि तसं तिला सांगा, म्हणजे पुढच्या महिन्यात येतील की नाही या धास्तीत ती राहणार नाही. वर्ष संपायच्या दोन महिने आधी पुन्हा बसून ठरवा. डायलिसिस हा काही चार महिन्यांत आटोपणारा उपचार नाही. किडनी बदलली नाही तर तो जन्मभराचा आहे, आणि एका सणाचं अर्पण कितीही मोठं असलं तरी ते त्याला पुरत नाही.

मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत १९१० पासून एक रीत आहे. बाई भात शिजवायला घेते तेव्हा त्यातला मूठभर तांदूळ बाजूच्या भांड्यात टाकते. तो तांदूळ मंडळीकडं जमा होतो, विकला जातो, आणि त्या पैशांवर भारतभर गेलेले मिझो मिशनरी आणि त्यांची कुटुंबं चालतात. ही माणसं श्रीमंत नव्हती. दर जेवणाला मूठ, एवढंच त्यांनी धरून ठेवलं, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ ते चाललं आहे. तिथं देणाऱ्याचं नाव मुठीवर लिहिलेलं नसतं. आणि लांब कशाला, तुम्ही मिरजेच्या आहात. डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली तुमच्या गावात उभं राहिलं ते परदेशातल्या मंडळ्यांच्या पैशांवर. त्यातल्या बहुतेकांनी मिरज नकाशावरही पाहिली नसेल. वर्षामागून वर्षं ते देत राहिले, म्हणून तिथं पिढ्यान्‌पिढ्या नर्सेस शिकल्या. तुमच्या पत्रातली ती मिरजेत नर्सिंग शिकली आणि ते नंदुरबारच्या पाड्यावर घेऊन गेली, हे त्याच देण्याचं पुढचं पाऊल आहे.

हिशेब मात्र चोख ठेवा, आणि तो तुमचा ठेवा, तिचा नव्हे. हा फरक कमिटीला नीट समजावून सांगा. किती जमले, किती खात्यात गेले, हे ज्यांनी दिले त्यांना कळलंच पाहिजे. चर्चच्या ट्रस्टच्या हिशेबात या निधीची वेगळी नोंद करा, दोन सह्या ठेवा, म्हणजे उद्या छपराच्या दुरुस्तीला ते पैसे वळवण्याचा मोह होणार नाही. यरुशलेमच्या गरीब मंडळीसाठी जमलेले पैसे न्यायची वेळ आली तेव्हा पौलानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक भाऊ दिला, कुणी बोट दाखवू नये म्हणून. ते बंधन पैसे हाताळणाऱ्यांवर होतं. यरुशलेमच्या विधवांनी त्या पैशांचं काय केलं, कुठलं धान्य घेतलं, याचा हिशेब कुणी मागितल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

म्हणून त्या ड्रेसचं. कदाचित मावशीनं दिला असेल. कदाचित आईनं त्या ४२ हजारांतूनच घेतला असेल. घेतला असेल तर मला त्यात आनंद वाटतो. घरात बाप आजारी, घर बदललेलं, शाळा बदललेली, मैत्रिणी नंदुरबारला राहिलेल्या, आणि नाताळला सगळ्या मुली नवे कपडे घालून येणार. त्या मुलीला एक नवा ड्रेस मिळाला. ज्या जणी बोलल्या त्यांच्याशी तुम्ही बोला, खजिनदार म्हणून नाही, आई म्हणून. त्यांच्या स्वतःच्या लेकी त्या दिवशी काय घालून आल्या होत्या, एवढं आठवायला सांगा. आणि तरी कुणी म्हणालं की माझे पैसे ड्रेसला नव्हते, औषधाला होते, तर त्यांचा वाटा त्यांना शांतपणे परत करा. तेवढं नुकसान मंडळी सोसू शकते.

कमिटीतल्या त्या वडिलांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो श्रद्धेचा प्रश्न आहे आणि मनापासून विचारला असावा. देव पुरवतो हे मीही मानते. पण पवित्र शास्त्रात तो कसा पुरवतो ते बघू. दुष्काळात देवानं एलिया संदेष्ट्याला सारफथ गावाला धाडलं ते एका विधवेकडं, जिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलं होतं, आणि तेवढं शिजवून खाऊन आपण मायलेकरं मरणार असं जी म्हणत होती. मडकं रितं झालं नाही, पण भाकरी तिलाच भाजावी लागली. याकोबाच्या पत्रात तर जवळजवळ तुमच्याच कमिटीतलं संभाषण आहे. भावाला वस्त्र नाही, रोजचं अन्न नाही, आणि आपण त्याला म्हणतो, सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो. याकोब विचारतो, त्याचा काय उपयोग? हे दोन उतारे त्या वडिलांबरोबर बसून वाचा. भर सभेत नको. आणि "कुठवर" या त्यांच्या प्रश्नालाही जागा द्या, कारण तो व्यवहाराचा प्रश्न आहे. वर्षाचा करार आणि त्याची फेरतपासणी हे त्याचं उत्तर आहे.

आता तिच्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तीच दिसते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. साताऱ्यात राहताना मी त्याचा विचार अनेकदा करते. पगार सोडणं हा टिळकांचा निर्णय होता, आणि तो थोर होता. पण आलेल्या-गेलेल्याचं जेवण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बघायचं होतं. सेवकाच्या बायकोला कुणी नेमलेलं नसतं, तिच्या नावानं मानधन नसतं, आणि काम मात्र दोघांचं होतं. ही बाई सोळा वर्षं नर्स होती. वसतिगृहातल्या मुलांची आई होती. बाळंतिणींना दवाखान्यात पोचवत होती. संस्थेच्या कागदावर त्यातलं काहीच नसेल. मंडळीनं ते मोजावं. महिन्याची रक्कम ठरवताना ठरावात तिचंही नाव लिहा, नवऱ्याच्या आधी किंवा नंतर, पण लिहा. पैसेही तिच्या खात्यात जावेत किंवा दोघांच्या जोडखात्यात.

तिला काम हवं असेल तर त्यातही हात द्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडची तिची नोंदणी चालू आहे का, लोटली असेल तर नूतनीकरणाला काय लागतं, हे तुमच्या मंडळीतल्या नर्स भगिनी तासाभरात सांगतील. मिरजेत हॉस्पिटलं कमी नाहीत. डायलिसिसचे तीन दिवस सोडून अर्धवेळ काम मिळू शकतं, आणि ज्या दिवशी ती कामावर असेल त्या दिवशी मुलाला शाळेतून आणायला कुणीतरी लागेल. हे सगळं ती म्हणेल तर आणि म्हणेल तेव्हा. आत्ता तिला फक्त झोप हवी असेल.

आणि एक गोष्ट कृपा करून थांबवा, सुरू झाली असेल तर. किडनी बदलायचा विषय निघाला की बायकांमध्ये बोललं जातं, "बायको आहे की, ती देईल." १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं नवरा-बायको, आईवडील, भाऊबहीण, सज्ञान मुलं अशा जवळच्या नातेवाइकांना किडनी देता येते, हे खरं. पण तो निर्णय तिचा, डॉक्टरांच्या तपासण्यांचा आणि तिच्या दोन लहान मुलांच्या भवितव्याचा आहे. चर्चच्या पायऱ्यांवर तो घेतला जाऊ नये. मेंदूमृत दात्याकडून किडनी मिळण्यासाठी प्रतीक्षा यादीत नाव लावता येतं, तुमच्या भागासाठी हे पुण्याच्या विभागीय समितीकडं हॉस्पिटलमार्फत होतं. ते झालंय का, एवढं त्याच्या डॉक्टरांना विचारायला तिला कुणी सोबत लागत असेल तर जा.

मंडळीच्या पैशांवर जे पडायला नको ते आधी उतरवा. डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. आता या योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटायचं. रेशनकार्ड नंदुरबारचं असेल तर तेही तिथंच विचारून घ्या. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातही चौकशी करा. दुसरी वाट धर्मादाय हॉस्पिटलांची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली अशा हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्यासाठी १ लाख ८० हजार, दुसऱ्यासाठी ३ लाख ६० हजार. निम्मं मानधन झालेलं हे कुटुंब यातल्या एकीत बसण्याची चांगली शक्यता आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. त्या रांगेत तिनं उभं राहण्यापेक्षा तुमच्या तरुण संघातल्या दोन मुलांनी राहावं. काही अडलं तर सांगलीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाऊन विचारावं.

पाठवणाऱ्या संस्थेला मंडळीच्या वतीनं रीतसर पत्र लिहा. सेवकांसाठी आजारपणाचा निधी आहे का, भविष्य निर्वाह निधी कापला जात होता का, मानधन निम्मं कुठल्या ठरावानं आणि किती काळासाठी केलं, हे लेखी विचारा. भाषा नम्र, प्रश्न स्पष्ट. त्या दोघांना हे विचारता येत नाही. कारण ज्यांच्याकडून आयुष्यभर पगार घेतला त्यांच्याशी भांडण म्हणजे देवाच्या कामाशी भांडण, असं सेवकांच्या मनात बसलेलं असतं. तुम्हाला तसं बंधन नाही. संस्थाही अडचणीत असू शकते, देणग्या आटल्या असतील. तसं असेल तर तेही स्पष्ट कळू दे, म्हणजे मंडळीला आपली रक्कम ठरवता येईल.

भेटीला जाणाऱ्यांना एक निरोप द्या. शहाळी आणि केळी नेऊ नका. किडनीच्या रुग्णाला पोटॅशियम बाधतं, पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं, आणि आपण प्रेमानं नेमकं तेच नेतो. मग ते फ्रीजमध्ये पडून राहतं आणि मुलांनाही खाताना चोरटं वाटतं. न्यायचंच तर मुलांसाठी काही न्या. त्याहून बरं, डायलिसिसच्या दिवशी रिक्षाचं भाडं आणि चार तास बाहेर बसायला एक माणूस. ज्याला गप्प बसता येतं असा. चार तास प्रवचन ऐकायची त्या भावाची ताकद नसते.

परदेशातल्या पैशांचं. दुबईतल्या भावाकडं भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. ऑस्ट्रेलियन बाईंची गोष्ट वेगळी. त्यांनी चर्चच्या नेहमीच्या खात्यात पाठवलेले पैसे २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली येतात. ट्रस्टची त्याखाली नोंदणी नसेल तर एक रुपयाही घेऊ नका, आणि दुसऱ्या कुणाची नोंदणी वापरून वळवूनही घेऊ नका, २०२० पासून तसं हस्तांतर बंद आहे. एका कुटुंबाचं भलं करताना अख्ख्या ट्रस्टवर संकट आणायचं नाही. त्या बाईंना प्रेमानं कळवा की कायद्यानं घेता येत नाहीत. त्यांनी त्या मुलीशी पत्रव्यवहार ठेवला तर तिला आवडेल कदाचित, नंदुरबारची ओळख असलेली तेवढी एकच व्यक्ती असेल तिच्यासाठी. दुबईच्या भावाचे पैसे घेण्याआधी ट्रस्टच्या सीएंना एकदा दाखवून घ्या.

साक्षीचं राहिलं. पुढच्या कापणीच्या सणाला त्यांना पुन्हा बोलवावं असं कुणीतरी म्हणेल. त्या कुटुंबानं आपणहून बोलायचं म्हटलं तर बोलू दे, आणि तेव्हा त्यांना पाड्यांवरच्या कामाबद्दल बोलू दे, वसतिगृहातल्या मुलांबद्दल, तिथं त्यांनी काय पाहिलं त्याबद्दल. आजाराबद्दल बोलायची अट नको. गुरुवारच्या प्रार्थनेचं मात्र माझ्या मते घाई करू नका. ती येईपर्यंत तिची खुर्ची रिकामी आहे असं तिला कळवूही नका. ५ तारखेचे पैसे दोन-तीन महिने न बोलता पोचू द्यात. किराणा दुकानदाराच्या उधारीची चौकशीही पुन्हा करू नका, आणि त्यालाही सांगा की गिऱ्हाइकाची वही चर्चमध्ये उघडायची नसते.

पहिलं काम या आठवड्यात होण्यासारखं आहे, ते फोटोचं. कमिटीची बैठक झाली की काय ठरलं ते मला कळवा. संस्थेला लिहायच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर तोही पाठवते.